दासोहाचं पाणी

माझ्या तोंडाला कुलूप नाही आणि लेकीच्या तोंडाची किल्ली सापडत नाही, असं गंगम्माचे वडील मला चिडवायचे. मॅट्रिकला शाळेत पहिली आलेली पोरगी, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. आणि त्या दिवशी दुपारी दोन वाजता लातूरच्या कलेक्टर कचेरीत तिची मुलाखत होती. लातूर वेगळा जिल्हा झाला होता, नव्या कचेरीला नवे कारकून हवे होते. आमचं मूळ गाव देवणी, आता त्याच जिल्ह्यात, म्हणून आम्ही नांदेडहून निघालो होतो. अशी संधी पुन्हा दारात येत नाही, एवढं मला कळत होतं.

सकाळी आठची खाजगी लक्झरी. तीन दिवस आधी मी स्वतः जाऊन तीन आणि चार नंबरच्या सीटा बुक केल्या होत्या. सातला आम्ही हजर. गाडीत चढून बघते तर आमच्या सीटांवर पाण्याने भरलेले चार पत्र्याचे डबे, सुतळीने करकचून बांधलेले! बाकी गाडी खच्चून भरलेली, मधल्या वाटेतसुद्धा माणसं स्टुलांवर बसलेली.

मी तडक बुकिंगच्या खिडकीवर गेले. आत बुकिंगवाला मलप्पा बसला होता. माझ्या कपाळावरची विभूती बघून गोड हसला.

“शरणार्थ, शांतम्मा मावशी. पाच मिनटं बसा, बघून राहिलो.”

पाचाची वीस झाली. पुन्हा गेले. “मॅनेजर येऊन राहिलेत,” म्हणाला. मॅनेजर आले, चहा प्यायले आणि गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मलप्पाने मानसुद्धा वर केली नाही.

“चारच्या गाडीनं जावा की, मावशी. यवढी काय घाई?”

“पोरीची दोनला मुलाखत हाय. चारच्या गाडीनं जाऊन काय कचेरीचं कुलूप बघू? डबे उतरव.”

“डबे उतरत न्हाईत. मालकाचा हुकूम हाय.”

“मग तिकीट मी काढलं का डब्यानं?”

लोक हसले. मी मालकापासून टायरापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. काही उपयोग झाला नाही. खिडकीत बसणाऱ्यांची कातडी गेंड्याची असते. गंगम्मा मान खाली घालून उभी होती. तेवढ्यात ड्रायव्हर ग्यानोबाने गाडी सुरू केली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने येणारं रडू मला अजिबात सहन होत नाही.

मलप्पा आता बाहेर येऊन गाडीच्या दारात उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मावशी, उगं पाप घिऊ नका. लातूरच्या मठात दासोह हाय, येईल त्याला जेवण, त्याचं पाणी हाय हे. तिकडं थेंब न्हाई. सैपाक कशात करावा लोकांनी?”

त्याने मला बरोबर ओळखलं होतं. गळ्यात लिंग असलेली लिंगायत बाई, मठाचं नाव काढलं की हात जोडणार. आणि खरंच माझे हात जोडले गेले.

“मग मला पानी द्या.”

मी वळून बघितलं. गंगम्मा! आवाज थरथरत होता, पण तिचाच होता.

“काय?” मलप्पा गोंधळला.

“दासोहाचं पानी हाय म्हणालाव न्हवं? दासोहात मागणाऱ्याला न्हाई म्हणत न्हाईत. मला तान लागलीय.”

गाडीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. दासोहात जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. भुकेल्याला वाढतात, तहानलेल्याला पाजतात. मलप्पाच्याही शर्टाखाली लिंग होतं, त्याचा हात आपोआप तिथे गेला. मठाचं नाव घेऊन खोटं बोललो, हे चारचौघांत कबूल कसं करणार? त्याने मुकाट्याने सुतळी सोडली.

गंगम्मा ओंजळभर पाणी प्यायली आणि गाडीकडे वळली. “आनखी कुनाला पाहिजे?”

दुष्काळाचं वर्ष. गाडी उभी होती त्या चौकातल्या नळाला सकाळपासून पाणी नव्हतं आणि लातूरकडे परतणारा प्रत्येक जण रिकामी कळशी मांडीवर घेऊन बसला होता. भराभर भांडी पुढे आली. ग्यानोबासुद्धा रेडिएटरसाठी बादली घेऊन उतरला. “मठाचं म्हनं!” तो माझ्या कानाशी पुटपुटला. “मालकाच्या व्याह्याकडं बारसं हाय, तिकडं चाललंय.” एक थेंब सांडला नाही. पाणी लातूरलाच निघालं होतं, फक्त आमच्या सीटवर बसून नाही.

रिकामे डबे टपावर गेले. गाडी निघाल्यावर मी विचारलं, “तुला सुचलं कसं गं?”

“तू हात जोडलेस, आई,” ती म्हणाली. “मला वाटलं, आता आपल्याकडून बोलायला कुनीच उरलं न्हाई.”

कचेरीत शिपायाने नाव विचारलं. सवयीने मी तोंड उघडलं, पण ती माझ्याआधी बोलली. “गंगम्मा रेवणप्पा, देवणी.” ती आत गेली, दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर गुपचूप बसले. आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता.