शून्यावर सगळे काटे सज्जन

डॉक्टरीणबाई बोलल्या एक आणि काटेवाल्याने ऐकलं भलतंच. बाई म्हणाल्या, "साखर अगदी कडेवर आली आहे. बारा-चौदा किलो उतरवा, पण सावकाश. महिन्याला एक-दीड किलो पुरे. ताटात सगळं असू द्या, फक्त थोडं कमी. रोज चाला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू." यातलं काटेवाल्याच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की साखर कडेवर आली आहे. पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं.

त्याला कारण होता थोरला भाऊ. थोरला एक्कावन्नाव्या वर्षी गेला, दुकानातल्या स्टुलावर काम करता करता. जन्मभर चांगला गरगरीत माणूस. डॉक्टरचं नाव काढलं की हसायचा. शेवटच्या चार महिन्यांत दोघांचं जेवायचा आणि तरी उतरत चालला. गिऱ्हाइकं म्हणायची, वा, काय बारीक झालात, आम्हालाही सांगा की युक्ती. साखर आतून पोखरत होती, आणि ते कळेपर्यंत थोरला उरलाच नाही. आता काटेवाल्याला एक्कावन्नावं लागायला दोन महिने राहिले होते.

"महिन्याला दीड म्हणजे दोन महिन्यांत तीन," तो बायकोला म्हणाला. "शहाण्णवातून तीन गेले काय आणि राहिले काय. तोवर मी फोटोत जाऊन बसेन."

"असलं अभद्र बोलू नका," बायको म्हणाली. "बाई शिकलेल्या आहेत. त्यांना कळतं म्हणूनच सावकाश म्हणाल्या ना?"

"बाईंचा भाऊ गेलेला नाही." आणि त्याने त्याच दिवशी घरात जाहीर केलं. सकाळी बिनसाखरेचा काळा चहा, दुपारी उकडलेली कोबी, संध्याकाळी काकडी. वजन ब्याऐंशी झालं की थांबायचं, तोवर कोणी आग्रह करायचा नाही. त्याची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. "धाकट्या, हे जेवण आहे की शिक्षा?" एवढंच ती म्हणाली. पन्नाशीच्या माणसाला धाकट्या म्हणणारं जगात एकच माणूस असतं.

घर मागे आणि दुकान पुढे. वजनकाटे दुरुस्त करायचे, बाजारातल्या काट्यांची तपासणी करायची आणि बरोबर निघालेल्या काट्याला शिशाचं सील ठोकायचं, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. बायको त्याच्याबरोबर कामाला बसायची. आईने तर नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं काटे उघडले होते आणि मिटले होते. त्या घरात मीठ कुठे ठेवलंय हे एखाद्याला सांगता आलं नसतं, पण काट्याच्या पोटातला कुठला स्क्रू काय करतो हे तिघांनाही झोपेत सांगता आलं असतं.

काटेवाल्याचं एक ठरलेलं प्रवचन होतं. दुकानदाराने सुई दाखवून "बघा, शून्यावर आहे" म्हटलं, की हा म्हणायचा, "शून्यावर सगळेच काटे सज्जन असतात. ओझं टाका, मग कळतं." कारण लबाडी शून्यात नसतेच. शून्याचा स्क्रू बाहेर असतो, तो कोणीही फिरवावा. आतल्या दांडीचा स्क्रू फिरवला, तर सुई शून्याला इमानदार राहते आणि वजन पडलं की हळूच मागे रेंगाळते. जेवढं वजन जास्त तेवढी खोट जास्त. असले काटे पकडण्यात त्याचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं.

घरातला काटा त्याच्या वडिलांचा. दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराशी, दुकानाच्या अंगाला ठेवलेला, वर उभं राहायचा, ताटाएवढ्या तबकडीचा. दर रविवारी आंघोळ झाली की काटेवाला सुईकडे एक नजर टाकायचा, शून्य बघायचा आणि चढायचा. बायको आकडा कॅलेंडरवर लिहायची. तीन रविवारांत शहाण्णवाचे नव्वद झाले. काटेवाला मनातून सुखावला. मनातूनच, कारण बाहेरून सुखावायला अंगात त्राण नव्हतं. बारीक स्क्रू त्याच्या बोटांतून निसटायचे आणि बायको न बोलता ते उचलून स्वतः बसवायची.

चौथ्या आठवड्यात तो बेकरीतला काटा तपासायला गेला. वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी उचललं आणि समोरच्या भट्टीच्या एका तोंडाची दोन झाली. पुढचं त्याला आठवतं ते असं, की तो पिठाच्या पोत्याला टेकून बसलाय, वजन त्याच्या बुटापासून चार बोटांवर पडलंय आणि बेकरीवाली त्याच्या तोंडाशी लोण्याचा बन धरून उभी आहे.

"खा मुकाट्याने," ती म्हणाली.

"नको. माझं व्रत समजा."

"व्रत घरी. इथे माझ्या दुकानात मेलात तर उद्या माझा पाव कोण घेईल?" काटेवाल्याने खाल्ला. अर्धा झाल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते लोण्यामुळे आहे असं त्याने तिला सांगितलं.

त्या दिवसापासून त्याने गुपचूप खायला सुरुवात केली. रोज अकरा वाजता बेकरीत एक बन आणि दोन उकडलेली अंडी, आणि परतताना हत्यारांची पेटी घेऊन पायी. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच की. पण घरी हे कबूल कोण करणार? ज्या तोंडाने सगळ्यांना आग्रह करू नका म्हटलं, त्याच तोंडाला लोणी लागलंय हे सांगायची त्याला लाज वाटली. घरी तो कोबीच खात राहिला. आता रविवारी काटा एखादा किलो वर गेलेला दिसेल, तेव्हा काय सांगायचं, याची तयारीसुद्धा त्याने करून ठेवली.

रविवारी काट्याने अठ्ठ्याऐंशी दाखवले.

काटेवाला खाली उतरला, पुन्हा चढला. अठ्ठ्याऐंशी. मागे बायको उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. आईने खुर्चीतून विचारलं, "किती?" आणि आकडा ऐकून तिने कपाळाला हात लावला. त्यांनाही थोरला आठवला, असं काटेवाल्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याने दोन बन खाल्ले. रविवारी साडेशहाऐंशी. त्याच्या पुढच्या आठवड्यात बन, अंडी आणि बेकरीवालीच्या डब्यातलं सूप. रविवारी चौऱ्याऐंशी.

भीती म्हणजे काय हे काटेवाल्याला तेव्हा कळलं. तो खात होता आणि उतरत होता. अगदी थोरल्यासारखा. तहान लागली की घाबरायचा, आणि घाबरला की घसा कोरडा पडून आणखी तहान लागायची. दिवसातून किती वेळा लघवीला गेलो ते तो बोटांवर मोजायचा. दवाखान्याच्या दारापर्यंत दोनदा गेला आणि दोनदा परत आला. रक्त दिलं नाही तोवर निदान शंका आहे, दिलं की खात्री होईल, असा त्याचा हिशोब. थोरल्याचं स्टूल त्याने पायाने ढकलून फळीखाली सारलं आणि तो उभ्याने काम करू लागला. स्टुलावर बसलं नाही तर मरण येत नाही, असं काही कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण भ्यालेल्या माणसाशी वाद कोण घालणार.

बेकरीवाली एकदा म्हणाली, "दादा, तुम्ही कुठे बारीक झालात? होतात तसेच तर दिसताय. उलट तोंडावर जरा तेज आलंय."

"डोळ्यांना काय कळतं," काटेवाला म्हणाला. "काटा सांगतो ते खरं."

आणि पुढच्या रविवारी काट्याने ब्याऐंशी सांगितले.

बायकोने आकडा लिहिला आणि पेन्सिल तिथेच टाकली. "झाले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "झाले ना ब्याऐंशी? आता बसा जेवायला. शब्द दिला होतात." आई खुर्चीतून उठून केव्हाच टेबलाशी जाऊन बसली होती. टेबलावर सगळं मांडलेलं होतं, पाव, लोणी, अंडी, वाफाळणारं सूप. जणू दोघींना आज हाच आकडा येणार हे आधीच माहीत होतं.

काटेवाल्याने चमचा उचलला. तोंडात सूप होतं आणि ते घशाखाली जात नव्हतं. चार आठवडे खाऊन आठ किलो. थोरल्यालासुद्धा एवढी घाई नव्हती. "आलोच," असं पुटपुटत तो उठला, दुकानात गेला आणि त्याने मधलं दार लावून घेतलं.

आत जाऊन त्याने काय करावं? कमरेचा पट्टा घट्ट करायला घेतला. हाच पट्टा पहिल्या तीन आठवड्यांत दोन भोकं आत गेला होता. आता आठ किलो उतरल्यावर आणखी तीन तरी जायला हवा. त्याने ओढला. श्वास कोंडून ओढला. पट्टा पुढच्या भोकापर्यंतसुद्धा पोचेना. चामडं ताणलं जातं, पट्टा आकसत नाही, हे पोरासोरालाही कळतं. काटेवाल्याने पट्टा पुन्हा जुन्या भोकात अडकवला. मग तो दाराशी ठेवलेल्या वडिलांच्या काट्याकडे वळला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे गिऱ्हाइकाचा काटा बघावा तसं बघितलं.

सुई शून्यावर. अगदी सज्जन.

त्याने तपासणीची वीस-वीस किलोची चार वजनं एकेक करून काट्यावर चढवली. ऐंशी व्हायला हवे होते. सुई चौऱ्याहत्तरावर जाऊन थांबली. त्याने मागे हात घालून शिशाचं सील चाचपलं. ते कापलेलं होतं आणि परत नीट दाबून बसवलेलं होतं. सबंध बाजाराला ओझं टाका, ओझं टाका म्हणून सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात सात रविवार नुसतं शून्य बघितलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दार उघडून बायको आत आली. काट्यावरची वजनं बघितली आणि उंबऱ्यातच थांबली.

"तू?" काटेवाल्याने विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "तुमच्या हातून स्क्रू पडायला लागले तेव्हापासून. दर शनिवारी थोडा थोडा फिरवला. म्हटलं, एकदाचे ब्याऐंशी दिसू देत, म्हणजे हा माणूस जेवेल. पण मी भीत होते हो. मी फिरवायची जेमतेम पाऊण किलो आणि काटा उतरायचा दोन. म्हटलं, बाकीचं खरंच तुमच्या अंगातलं जातंय." ती डोळे पुसायला लागली. "सगळे मिळून मी तीनच किलो फिरवले. शपथ घेऊन सांगते."

काटेवाल्याने पुन्हा सुईकडे बघितलं. ऐंशीचे चौऱ्याहत्तर. तिने तीन फिरवले, तर उरलेले तीन कुठले? सुटलेली भीती परत त्याच्या मानगुटीवर बसली. काटा आपोआप खोटं बोलत नाही. "नीट आठव," तो म्हणाला. "आणखी कोणी हात लावला?"

"तीन माझे," आई म्हणाली.

ती भिंत धरत धरत दारापर्यंत आली होती. "मीही शनिवारीच," ती म्हणाली. "ही बाजारात गेली की. सील आधीच कापलेलं होतं. म्हटलं, जुनं झालं असेल."

"आई, तू?" काटेवाला म्हणाला. "बाबांच्या काट्याला? सील मोडलेला काटा दिसला तर बाबा जेवायचे नाहीत."

"तुझे बाबा असते तर त्यांनीही फिरवला असता." ती फळीखालचं स्टूल ओढून त्यावर बसली, थोरल्याच्या स्टुलावर, काही विशेष नाही अशी. "थोरल्याच्या वेळी हाच काटा होता. अगदी खरा, रेषभर चूक नाही. दर रविवारी तो चढायचा, आकडा उतरायचा आणि मी टाळ्या वाजवायचे. बारीक होतोय माझा लेक म्हणून. खरा आकडा बघून मी एक मुलगा घालवला, धाकट्या. दुसऱ्याच्या वेळी खोटा चालेल म्हटलं."

 काटेवाला जमिनीवर बसला आणि त्याने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मग तिथेच, मान खाली घालून, त्याने बनांची कबुली दिली. रोज अकरा वाजता, लोणी लावून, चार आठवडे.

"म्हणजे तुम्ही खात होतात?" बायको म्हणाली. "आणि इथे माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता." ती रागावली होती, आणि रागावता रागावता भिंतीला टेकून खाली बसली. टेबलावर सूप निवत होतं.

मग काटेवाल्याने काटा उघडला. स्क्रू बायकोने धरला. ऐंशीचे ऐंशी झाले. वजनं उतरवून तो वर चढला, आणि आईने तबकडीशी वाकून आकडा वाचला.

"एकोणनव्वद," ती म्हणाली.

शहाण्णवाचे एकोणनव्वद. त्यातले सहा कोबीने नेले आणि त्याला पिठाच्या पोत्यापाशी पाडून गेले. एक किलो बन खाऊन, चालून, चार आठवड्यांत गेला. बाई म्हणाल्या होत्या तेवढाच. एवढा मोठा आकडा ऐकून त्या घरात इतका आनंद कधी कोणाला झाला नव्हता. बायकोने कॅलेंडरवरचे ब्याऐंशी खोडले. चार रविवार खोडले. त्या आकड्यांना हात लावायला ती आता घाबरत नव्हती.

"उद्या सकाळी रक्त देऊन येतो," काटेवाला म्हणाला. त्याची भीती गेली नव्हती, पण आता ती एकट्याची नव्हती. "तू येशील ना बरोबर?"

"दोघी येतो," बायको म्हणाली. "आता जेवायला चला. थोडंच वाढते."

काटेवाला उठला आणि सील ठोकायचा साचा शोधू लागला. "पुढच्या रविवारी साडेअठ्ठ्याऐंशी झाले तरी पुष्कळ," तो म्हणाला.

"नाही झाले तरी चालेल," आई म्हणाली, आणि सूप पुन्हा गरम करायला गेली.