ब्रूनोचं 'मागारी'

उपासना निपाणीत इंग्रजी माध्यमात शिकलेली, त्यामुळे इटालियनचं पुस्तकही तिनं इंग्रजीतलंच आणलं. बेळगावच्या उद्यमबागेत ती ज्या कारखान्यात इंजिनिअर होती, तिथं इटलीहून मोठं लेथ मशीन येणार होतं. ते बसवायला येणाऱ्या ब्रूनोला इंग्रजी जेमतेमच येत होतं. "सर, त्यांच्याशी मी बोलते," असं तिनं मॅनेजर नागेंद्रला आधीच सांगून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी चहा पिताना ती ब्रूनोला ऐटीत म्हणाली, "इओ प्याच्चो!" इंग्रजीत जसं 'आय लाइक', तसंच. ब्रूनो खळखळून हसला. पुस्तक उघडल्यावर तिला कळलं, 'मला आवडतं' म्हणायला गेले आणि 'मी लोकांना आवडते' असं सांगून बसले.

"तेबी खोटं न्हाय," म्हणत तीही हसली.

संध्याकाळी खासबागेतल्या घरी आईनं, मंगलनं, ताटात वांगी वाढली.

"आई, मला वांगी आवडत न्हाईत. किती वेळा सांगू?"

बोलता बोलता ती थांबली. 'मला' आवडत नाहीत. वांगं असेल तर आवडत नाही, वांगी असतील तर आवडत नाहीत. इटालियन माणूस हेच तर म्हणतो! एक असेल तर 'मी प्याचे', अनेक असतील तर 'मी प्याच्चोनो'. त्यांचं 'मी' म्हणजे आपलं 'मला'.

"खा की गं, गार हुतंय," मंगल म्हणाली.

"आई, मी उगाच इंग्रजीतनं वळसा घालत हुते गं!"

त्या दिवसापासून ती मराठीतनं थेट इटालियनमध्ये जाऊ लागली. टेबल-खुर्चीला स्त्रीलिंग-पुल्लिंग असतं याची अडचण वाटेना. वयानं मोठ्या ब्रूनोला अहो-जाहो करायला 'लेइ' म्हणायचं, हेही जिभेवर सहज बसलं.

मशीन जोडून होत आलं तसा नागेंद्र फोन घेऊन आला.

"गिऱ्हाईक लाइनवर हाय. उद्या मशीन चालू हुईल का, विचार."

तिनं विचारलं. ब्रूनोनं छताकडं बघत लांब श्वास सोडला. "मागारी!"

"माघारी? कोण चाललंय माघारी?"

"न्हाय सर, त्यांचा शब्द हाय त्यो."

नागेंद्रनं दुसऱ्या मोबाइलवर अर्थ काढला. "'कदाचित' म्हणतोय त्यो. म्हणजे हुईल. सांगतो उद्या म्हणून."

"नका सांगू सर. असं उसासा टाकून म्हटलं की त्याचा अर्थ, झालं असतं तर किती बरं झालं असतं! म्हणजे उद्या हुणार न्हाय."

"मोबाइलपेक्षा तुला जास्त कळतंय?"

"व्हय सर. पण खात्री करून देते."

तिनं ब्रूनोला कारण विचारलं. तो दोघांना मशीनच्या मागं घेऊन गेला. प्रवासात तेलाच्या पंपाचं सील फाटलं होतं, खाली तेलाचा ओघळ आला होता. तसंच चालवलं तर पंप जळेल, आणि नवं सील पुण्याहून यायला दोन दिवस लागतील, असं त्यानं सांगितलं. उपासनानं वाक्य न वाक्य मराठीत केलं. नागेंद्रनं ओघळाला बोट लावून बघितलं आणि फोनवर गिऱ्हाइकाला खरं तेच सांगितलं.

सील आलं, मशीन चालू झालं. पहिला तयार भाग बघायला गिऱ्हाईक स्वतः आलं.

"ह्या आमच्या उपासना मॅडम," नागेंद्रनं ओळख करून दिली. "इटलीचं काय बी असंल तर ह्यांनाच विचारायचं."

पुढं ब्रूनोच्या कंपनीत ट्रेनिंगला कुणाला पाठवायचं, असा विषय मीटिंगमध्ये निघाला. कुणी नाव सुचवायच्या आत उपासनानं हात वर केला.