ताकदीचं मशीन

फांद्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. उमेदवारीच्या काळात त्याला नुसत्या फांद्या छाटायला देत, तेव्हा हे नाव चिकटलं. पुढे तो कवेत न मावणारी खोडं आडवी करायला लागला, केस पिकले, जावई आला, तरी लोकांनी त्याला बढती म्हणून दिली नाही. त्याचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. झाडं कापायची, बायकोनं खाली दोर धरायचा, संध्याकाळी दोघांनी व्हॅनमध्ये बसून घरी यायचं, यात अर्धं आयुष्य बरं चाललं होतं.

मग त्याचं मोठं मशीन मेलं, आणि मारलं त्यानंच. चेनसॉच्या इंजिनाला साधं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. व्हॅनमध्ये दोन सारखेच कॅन असत, एक व्हॅनसाठी साध्या पेट्रोलचा, एक मिसळलेला. मिसळलेल्या कॅनच्या मुठीला तांबडी चिंधी बांधलेली असायची, एवढीच काय ती खूण. त्या दिवशी त्याचा उजवा खांदा पार मनगटापर्यंत ठणकत होता. वर्षभर हे दुखणं त्यानं अंगावर काढलं होतं, कुणाला चकार शब्द बोलला नव्हता. बायको डबे उघडत होती तेवढ्यात त्यानं कॅनची चिंधी सोडली आणि मनगटाला करकचून आवळली. जेवणानंतर जो कॅन हाताला लागला तो मशीनमध्ये ओतला. मशीन थोडा वेळ नेहमीपेक्षा जोरात ओरडलं आणि कच्चकन थांबलं, ते कायमचंच. मशीन जुनं झालं होतं, असं त्यानं बायकोला सांगितलं. तिनं मशीनकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे पाहिलं आणि दोर गुंडाळायला लागली.

मशीन मेलं ते नेमकं भलत्या वेळी. एका गोदामाच्या मागं वाळलेलं अगडबंब झाड होतं. त्याच्या फांद्या उतरवून झाल्या होत्या, उरलं होतं उभं खोड. छोट्या मशीननं त्याला ओरखडे काढता आले असते, बाकी काही नाही. गोदामाच्या मालकानं स्वच्छ सांगितलं होतं, की शनिवारपर्यंत खोड आडवं झालं तर भिंतीलगतची सगळी झाडं तुमची, नाहीतर मी क्रेनवाल्या कंपनीला बोलावतो. आणि हे काम गेलं तर पुढं काय, हे फांद्याला पक्कं ठाऊक होतं. पुढं खुर्ची होती. जावयानं त्याच्या कारखान्याच्या फाटकावर सासऱ्यासाठी राखणदाराची जागा बोलून ठेवली होती. जावई भला माणूस, तीच तर पंचाईत. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. फांद्या एकदा जाऊन ती खुर्ची पाहून आला होता. प्लास्टिकची होती, एक हात तडकलेला. आलेल्या गाडीचा नंबर लिहायचा आणि परत बसायचं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवलाच नव्हता.

तेव्हा शनिवारच्या आत ताकदीचं मशीन मिळवणं भाग होतं, आणि खिसा तर असा की त्यात हात घालायलाही लाज वाटावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण खोड काही कापणाऱ्याचं अंथरूण पाहून जाड होत नाही. नव्या मशीनचा विचारही करायचा नव्हता. दोघं जुनं शोधायला निघाली.

पहिल्या दुकानात जुन्या हत्यारांचा ढीग होता आणि ढिगामागं एक जाडजूड दुकानदार. त्यानं मोठं मशीन काढून दाखवलं, किंमत सांगितली, आणि फांद्यानं आपला आकडा सांगितल्यावर ते तितक्याच प्रेमानं परत ठेवलं. एवढ्यात हँडल मिळेल, असं तो म्हणाला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. फांद्यानं हँडलची चौकशी न करता पायऱ्या उतरल्या.

दुसरा माणूस फोनवरच्या जाहिरातीतला. मशीन वर्षभर हातही न लावता ठेवलंय, पहिल्या ओढीत चालू होतं, अशी त्याची ग्वाही होती. झालंही तसंच, पहिल्या ओढीत चालू झालं. पण ओढण्याआधी फांद्यानं सायलेन्सरवर हात ठेवला होता आणि तो कोमट होता. ही दोघं यायच्या आधी गड्यानं मशीन तापवून ठेवलं होतं, कारण थंड असताना ते काही केल्या चालू झालं नसतं. फांद्यानं हात पुसला. बायकोनं मात्र जाता जाता विचारलं, की वर्षभर न चाललेल्या मशीनला ताप कशानं आला हो.

तिसऱ्याकडे तर मोठ्या मशीनचं कव्हर छोट्या मशीनला बसवलेलं निघालं. तिथून बाहेर पडताना फांद्याच्या पायात गोळे आले होते. बायको व्हॅनच्या पायरीवर बसून घोटे चोळत होती. दोघांनी एकाच पेल्यातला चहा अर्धा अर्धा घेतला. परत जाऊ या का, असं तिनं विचारलं, आणि परत म्हणजे कुठं ते दोघांनाही कळलं. फांद्या म्हणाला, अजून एक पत्ता आहे.

तो पत्ता एका चष्मेवाल्याचा होता. कुठल्याशा कचेरीत फायलींचं काम करणारा, सडपातळ, बोलताना सारखा चष्मा सावरणारा. मशीन त्याच्या सासऱ्याचं. सासरा जाऊन बरेच दिवस झाले होते आणि जिन्याखालची जागा मोकळी करा म्हणून घरातून टुमणं लागलं होतं. त्यानं मशीन अंगणात आणून ठेवलं, तेही दोन्ही हातांनी, धापा टाकत. फांद्यानं पाहिलं आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. जुन्या घडणीचं, काळवंडलेलं, चेनची पट्टी हातभर लांब असलेलं मशीन होतं ते. आताच्या मोठ्या मशीनला सुरू करताना इंजिनातला दाब सोडायचं बटण असतं. हे त्याच्या आधीचं, याला असले लाड ठाऊक नव्हते.

चष्मेवाला सरळ माणूस होता. त्यानं आधीच सांगून टाकलं, की हे जाम झालंय. त्यानं स्वतः ओढून पाहिलं, मेहुण्यानं पाहिलं, शेजाऱ्यानं पाहिलं. दोरी थोडी येते, मग हाताला हिसका देऊन परत जाते. म्हणून त्यानं सौदाही सरळ मांडला.

"तुम्ही ओढून बघा. चालू झालं तर पूर्ण किंमत द्या. नाही झालं तर भंगाराच्या भावात घेऊन जा."

पूर्ण किंमत फांद्याच्या आवाक्याबाहेर होती. भंगाराचा भाव खिशात होता.

त्यानं स्टार्टरच्या दोरीची मूठ धरली आणि सगळं मशीन तिच्यावर लोंबकळत सोडलं. इंजिन झिजलेलं असेल तर मशीन सर्रकन खाली येतं. हे जागचं हललंच नाही म्हणावं इतकं सावकाश, टिचकी टिचकीनं उतरलं. मग त्यानं सायलेन्सर सोडवून आतला पिस्टन पाहिला. घासलेल्या ताटासारखा स्वच्छ. जाम कसलं, असं दाबाचं इंजिन त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते ओढायला अंगात जोर हवा होता, आणि फायली उचलणाऱ्यांच्या तीन पिढ्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. फांद्याचं काळीज धडधडायला लागलं. चेहरा मात्र त्यानं मयताला आल्यासारखा केला.

मनाशी त्यानं ठरवून टाकलं, की ओढायचं, पण चालू होऊ द्यायचं नाही. लबाडी होती, त्याला कळत होतं. पण शनिवार उद्यावर आला होता आणि खुर्ची डोळ्यांसमोर दिसत होती. त्यानं मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीत पाय घातला आणि दोरी ओढली. ती अर्ध्यात थांबली. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. परत ओढली, परत तिथंच थांबली. तिसऱ्या वेळेस तो चांगलाच कण्हला, कपाळावर घामही आला, आणि आपण इतका छान अभिनय करतो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. बायको फाटकाशी उभी राहून पाहत होती.

"जाम आहे," फांद्या म्हणाला.

चष्मेवाल्यानं उसासा टाकला, भंगाराचे पैसे न मोजता खिशात घातले आणि वर फांद्याचेच आभार मानले. तेवढं मात्र फांद्याला लागलं.

व्हॅन वळणावरून पुढं गेल्यावर तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पूर्ण दिवसाचा शीण त्या हसण्यात होता.

"नाटक कसं काय वाटलं?" त्यानं विचारलं.

बायको खिडकीबाहेर पाहत होती. "बरं होतं," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी दोघं गोदामाच्या मागं पोचली. फांद्यानं नवा प्लग बसवला होता, चेनचा दात न् दात कानशीनं घासला होता, मिसळलेलं ताजं पेट्रोल भरलं होतं. बायकोनं खोडाच्या वरच्या टोकाला अडकवलेला दोर भिंतीजवळच्या खांबापर्यंत नेला. फांद्यानं मुठीत पाय घातला. आता नाटक नव्हतं. त्यानं दम धरला आणि सगळा जीव लावून दोरी ओढली.

दोरी अर्ध्यात थांबली.

सकाळचा गारवा असेल म्हणून त्यानं खांदा चोळला आणि परत ओढली. खांद्यातून कळ निघून ती कानापर्यंत गेली. दोरी काल अंगणात जिथं थांबली होती, तिथंच थांबली, बोटभरही पुढं नाही. त्यानं डाव्या हातानं ओढून पाहिली, तर ती तिरकी येऊन अडकली. चौथ्यांदा त्यानं हात मुठीवर ठेवला आणि ओढलीच नाही. काल त्या अंगणात त्यानं सोंग आणलंच नव्हतं. सोंग आणायची वेळच आली नव्हती. फायलीवाला, मेहुणा, शेजारी आणि चौथा तो.

बायको दोर खांबाला बांधून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं त्याला हातानं बाजूला केलं, मुठीत पाय घातला आणि कमरेतून मागं झुकून दोरी ओढली, जशी ती आयुष्यभर झाडं ओढत आली होती. दुसऱ्या ओढीत मशीन असं गरजलं, की गोदामाच्या पत्र्यावरची पाखरं उडाली. तिनं ते चालू मशीन त्याच्या हातात दिलं.

"तुला काल कळलं होतं?" तो ओरडून म्हणाला.

"तुमच्या मानेच्या शिरा दिसत होत्या," तीही ओरडून म्हणाली आणि आपल्या खांबाकडे गेली.

मशीन होतं मात्र लाखात एक. फांद्यानं नुसतं टेकवलं आणि ते आपल्या वजनानं खोडात शिरलं, भुसा पायावर पडत राहिला. एकदा चालू झाल्यावर खांद्याला फारसं काम उरत नव्हतं. धरायचं आणि दिशा द्यायची. हे त्याला अजून येत होतं, चांगलं येत होतं. पडायच्या बाजूची खाच त्यानं सुरेख काढली. मग पाचर ठोकायची वेळ आली तेव्हा मशीन बंद करून खाली ठेवायची पद्धत, पण त्यानं ते चालूच ठेवलं. पाणी प्यायला थांबला तेव्हाही ते बाजूला घरघरत राहिलं. बायकोनं लांबून खूण केली, बंद करा. त्यानं दिसलं नाही असं दाखवलं. बंद केलं तर परत तिला बोलवावं लागणार होतं.

पण पेट्रोलला कुणाची लाज राखायची नसते. मागचा काप अर्ध्यावर आला आणि मशीन दोनदा खोकलं, गप्प झालं. एकदम इतकं शांत झालं, की खोडाच्या आत कुठंतरी बारीक कुरकुर झाली तीही ऐकू आली. अर्धं कापलेलं झाड सोडून जाता येत नाही, त्याच्याकडे पाठही फिरवता येत नाही. फांद्यानं पट्टी ओढून बाहेर काढली, दहा पावलं लांब जाऊन पेट्रोल भरलं आणि मुठीत पाय घातला.

गोदामाचा मालक तेवढ्यात बाहेर आला होता. हातात कप घेऊन कुंपणाच्या दोरीपलीकडे उभा राहून तो पाहत होता. फांद्यानं दोरी ओढली. थांबली. परत ओढली, थांबली.

"काय, मशीननं दगा दिला?" मालकानं विचारलं. "फार जुनं दिसतंय."

हो म्हणायला काय लागत होतं? मशीन जुनंच होतं. एका शब्दात सुटका होती, आणि तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. भिंतीलगतची झाडं अजून कुणालाच दिलेली नव्हती, आणि ती द्यायची की नाही हे ठरवणारा माणूस समोर कप घेऊन उभा होता. फांद्यानं त्या काळवंडलेल्या मशीनकडे पाहिलं. त्याच्यात कसलाही दोष नव्हता.

"मशीन उत्तम आहे, साहेब," तो म्हणाला. "माझ्याच्यानं ओढवत नाही. खांदा गेलाय माझा."

वर्षभरात हे वाक्य त्यानं घरातसुद्धा उच्चारलं नव्हतं. मालकानं कपातला घोट घेतला. फांद्यानं भिंतीकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, ये जरा. मला होत नाही."

बायकोनं हातातला दोर आधी नीट खांबाला गुंडाळला, दोनदा ओढून पाहिला आणि मग गोदामाचं आवार ओलांडून निघाली. तिला यायला वेळ लागला. तेवढा वेळ तो मालकासमोर तसाच उभा राहिला.