बरणीतला काळा स्क्रू

मी एक जुना कार्ब्युरेटर आहे, मित्रांनो. पेट्रोल आणि हवा नेमक्या मापात मिसळून इंजिनाला पाजायची, एवढंच माझं काम. अकरा वर्षं मी एका मोटारसायकलवर इमानेइतबारे राबलो. मग ती भंगारात गेली आणि मी एका मिस्त्रीच्या गॅरेजात फळीवर येऊन पडलो. माझ्या शेजारी एक काचेची बरणी होती. दुरुस्ती आटोपल्यावर जे स्क्रू उरत, ते मिस्त्री तिच्यात टाकत असे. "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. गिऱ्हाइकंही हसायची. मीही हसायचो.

मिस्त्रीची थोरली बहीण नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांच्या जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. तिची मोटारसायकल नव्या जमान्याची, इंजेक्शनवाली. तिथे पेट्रोलचा सगळा कारभार एका छोट्या कम्प्युटरच्या हाती, आमच्यासारख्यांना विचारतो कोण! एकदा मिस्त्रीने तिच्या गाडीचं सीटखालचं सगळं उचकटलं, पुसून पुन्हा बसवलं आणि त्याच्या हातात एक आखूड काळा स्क्रू उरला. तो बरणीत पडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

पुढच्याच आठवड्यात ताईची गाडी वळणावर बंद पडू लागली. चावी बंद करून पुन्हा फिरवली की सुरू व्हायची. दुसऱ्या वळणावर परत तेच.

"बाळ्या, आज एक आजोबा तासभर ओल्या पट्टीत माझी वाट बघत होते," ताई म्हणाली. "तुला जमत नसेल तर तसं सांग. मी दुसरीकडे दाखवते."

हे मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं. इंजेक्शनमधलं त्याला फारसं कळत नव्हतं आणि ते कबूल करायचीही तयारी नव्हती. गाडीचं माहितीपुस्तक सीटखालीच होतं, पण ते त्याने उघडलं नाही. "ही सगळी कम्प्युटरची थेरं आहेत, ताई," तो म्हणाला. "मी कार्ब्युरेटरच बसवतो. मग बघ कशी पळते!"

टाकीतला पंप निघाला, वायरींचं जंजाळ निघालं. ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचा डबा आला, टाकीखाली पेट्रोलचा कॉक आला. सीटखालून काडेपेटीएवढी एक डबी निघाली. ती एकाच स्क्रूवर तिरकी लोंबत होती. दुसऱ्या स्क्रूचं भोक रिकामं होतं. तो स्क्रू कुठे आहे, हे मला तेव्हाच कळलं. मला बोलता येत नाही, ही झाली सबब. खरं म्हणजे मला बोलायचंच नव्हतं. सात वर्षं धूळ खाल्ल्यावर कुणीतरी मला पेट्रोलने आंघोळ घालत होतं, मित्रांनो.

मी गाडीवर चढलो आणि ती वळणावर बंद पडेना. आसपासचे मिस्त्री मुद्दाम बघायला आले. "अरे वा, काय आवाज आहे!" म्हणाले. मी फुगून गेलो.

मग एका दुपारी वळणावर खडी पसरलेली होती. गाडी घसरली आणि आडवी झाली. मी मात्र चालूच राहिलो. पोटात उरलेलं पेट्रोल इंजिनाला पाजत राहिलो. गाडी गिअरमध्ये होती, मागचं चाक फिरत होतं आणि ताईची टाच त्यात अडकली होती. "थांब, थांब," असं ती गाडीला म्हणत होती. मला आपणहून थांबता येत नाही. वीस सेकंद गेले असतील. शेवटी एका माणसाने धावत येऊन चावी फिरवली.

मिस्त्रीने गाडी गॅरेजात आणली. सीटखालून कागदपत्रं काढताना ते माहितीपुस्तक हाती लागलं आणि या वेळी त्याने ते उघडलं. त्यात त्या डबीचं चित्र होतं. गाडी आडवी पडली की इंजिन बंद करायचं, हे तिचं काम. तो उठला आणि बरणी जमिनीवर पालथी केली. काळा स्क्रू शोधून डबीच्या रिकाम्या भोकात घातला. तो बरोबर बसला.

संध्याकाळी तो ताईला गॅरेजात घेऊन आला. तिच्या पायाला प्लास्टर होतं. "ताई, गाडीत खोट नव्हती," तो म्हणाला. "माझ्याकडून एक स्क्रू लावायचा राहिला. डबी कलायची आणि गाडीला वाटायचं, आपण पडलो. खरंच पडलीस तेव्हा डबीच नव्हती. तीही मीच काढली." डोळे पुसत त्याने डबीतला तो स्क्रू काढून तिच्यापुढे धरला.

ताईने तो हातात घेऊन बघितला आणि त्याला परत दिला. "आधी तो घट्ट लाव," ती म्हणाली. "रडायचं नंतर."

गाडीवर पुन्हा इंजेक्शन चढलं आणि मी फळीवर परतलो. बरणी आता तिथे नाही. मिस्त्रीने आपल्या गुन्ह्याची कबुली दिली, माझी मी आज तुमच्यापाशी देतो आहे. ताई अजून लंगडते. ती गॅरेजात आली की मला न बघता कळतं. एक पाऊल टेकतं, दुसरं घासत येतं.

मित्रांनो, काम संपल्यावर हातात एखादा स्क्रू उरला, तर तो हसून बाजूला टाकू नका. त्याची जागा शोधा. आणि जागा ठाऊक असूनही गप्प बसावंसं वाटलं, तर ते घासत येणारं पाऊल आठवा.