मचाणाशिवाय

ठेकेदाराने शेतावरचं लोखंडी पाईपांचं मचाण सोडवून नेलं. दुबईत मालकाच्या टॉवरचं काम बंद पडलं होतं आणि पैसे थकलेला ठेकेदार आपले पाईप जिथे असतील तिथून गोळा करत फिरत होता. मचाण गेलं तसा शेतावरचा शिकारी असलेल्या पॅट्रिकचा चेहरा उतरला. खोर फक्कानजवळच्या या कुंपणात मालकाची, म्हणजे अरबाबची, तेवीस हरणं होती. त्यांतला म्हातारा नर खरजेने पार सडला होता. त्याला मारायचा परवाना फक्त त्या शुक्रवारचा.

"आज वो नहीं गिरा तो खलास, पॅट्रिकभाई," मुकादम हमदुल्ला म्हणाला. "अरबाब बोला, व्हिसा कॅन्सल."

व्हिसा कॅन्सल म्हणजे महिनाभरात वसई. आणि लेकीची, क्रिस्टिनाची दहावी तोंडावर! ती हट्टानेच बापाबरोबर आली होती, चर्चमधून थेट.

दोघं पोटावर सरपटत तीनदा कळपाजवळ गेली. तिन्ही वेळा हरणांनी माना वर केल्या आणि धूम ठोकली.

"अगं बाय, हलतेस कशाला?"

"आय डिडन्ट मूव्ह, डॅडी!" तिने रागाने बाहीत नाक खुपसलं आणि तिची ट्यूब पेटली. ऊद! मिस्साभर ती धूपदानाशेजारी उभी राहून गायली होती. "डॅडी, आपण अख्खं चर्च अंगावर घेऊन फिरतोय! वारा बघा ना, आपल्याकडून त्यांच्याकडेच चाललाय."

पॅट्रिकने कपाळावर हात मारला. आठ वर्षं मचाणावर काढलेली. वास वरच्या वर निघून जायचा, वारा बघायची कधी गरजच पडली नव्हती.

मग क्रिस्टिनाने डोकं चालवलं. डॅडींनी पलीकडे, वारा जाईल त्या अंगाला दबा धरायचा. तिने अलीकडच्या दगडी बांधाआड आडवं पडायचं, गोळी ऐकल्याशिवाय डोकं वर काढायचं नाही. बाकीचं काम ऊद करेल.

आणि केलंच! कळप वासाला बुजून पॅट्रिकच्या दिशेने उधळला, बंदूक वाजली, "येस!" करत ती धावत सुटली.

नर अजून श्वास घेत होता. पॅट्रिक त्याच्या मानेवर हात ठेवून गुडघ्यांवर बसला होता. श्वास थांबेपर्यंत तो उठला नाही. मचाणावरून बघताना पडलेलं जनावर लांब, लहान दिसायचं. इथे त्याच्या पापण्यांवरची माशीसुद्धा दिसत होती. क्रिस्टिना दोन पावलांवरच थांबली.

हमदुल्ला फोन बंद करून आला. "मुबारक! नौकरी पक्की. चारा महंगा हो गया, अरबाब बाकी बावीस भी निकाल रहा है. परवाना आएगा, इन्शाल्ला. ऐसे ही मारना, बेटी को लेके."

"तिला नाही," पॅट्रिक म्हणाला. "मी एकटा बघतो."

"मचाण नाही, डॅडी. एकट्याला कसं जमेल?" क्रिस्टिना खाली बघत म्हणाली. "परीक्षा संपेपर्यंत तरी तुमची नोकरी राहायला हवी."

कुंपणाच्या टोकाला बावीस हरणं एकमेकांना खेटून उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती.