मला बादलीत ठेवलं होतं

मित्रांनो, मी एक जुना पीएच मीटर आहे. नाक मुरडू नका. नाव प्रयोगशाळेतलं असलं तरी माझी उमेदीची वर्षं एका नाल्यात गेली. कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीतून तो नाला निघतो आणि पुढे नदीला मिळतो.

माझा जन्म मात्र एका शांत, स्वच्छ खोलीत झाला. काच फुंकणाऱ्या एका कारागिराने माझं टोक द्राक्षाएवढं फुगवलं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ केलं आणि उजेडात धरून हळूच मान डोलावली. खोक्यात बंद होताना मला वाटलं, आपण एखाद्या शाळेत जाणार, मुलं-मुली भोवती गर्दी करणार. कसलं काय! खोकं उघडलं ते थेट नाल्याच्या काठी.

माझं काम सोपं आहे. पाण्यात बुडवलं की ते आंबटाकडे झुकतंय की क्षाराकडे, हे मी आकड्यात सांगतो. सात म्हणजे शहाणं पाणी, ना इकडचं ना तिकडचं; त्याच्या खाली आंबट, वर क्षार. आमच्या नाल्याचं पाणी अकरा होतं. अशा पाण्यात हात घातला तर ते साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटते. खाली नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना हे मीटरशिवायच कळत होतं.

माझी देखभाल प्रयोगशाळेतली ताई करायची. दर सोमवारी ती मला आधी पिवळ्या बाटलीत बुडवायची, ज्यात बरोबर सात असतं, आणि मग निळ्या बाटलीत, ज्यात बरोबर दहा. मी जरा चुकलो की म्हणायची, "शहाण्या, नीट वाच." मग स्क्रू किंचित फिरवायची. मऊ कपड्याने टोक टिपता टिपता ती मला घरचं सगळं सांगायची. मुलीला चष्मा लागला, सासूबाई निवृत्त नर्स आहेत आणि घरातही वॉर्डासारखी फेरी मारतात, असं बरंच काही. अकरा वर्षं मी तिचा शब्द पडू दिला नाही आणि तिने माझा आकडा बदलला नाही. ती अकराच लिहायची, लाल पेनाने. मोठे साहेब ते वाचायचे आणि कागद पालथा घालायचे.

मग एके दिवशी कारखान्यात पैसे आले. निवृत्त नर्सांच्या पेन्शनचा एक मोठा फंड होता, त्याने आमच्या कारखान्याचे शेअर घेतले. पण हा फंड नुसता नफा बघणारा नव्हता. तीन गोष्टी तपासूनच पैसे गुंतवायचे असा त्याचा नियम होता. कारखाना हवा-पाण्याला कसा वागवतो, माणसांना कसा वागवतो आणि त्याचा कारभार सरळ आहे का. तिन्हींत चांगले गुण मिळाले तर पैसे राहणार. वर एक अटही होती, दोन वर्षांत पाणी शुद्ध करण्याची टाकी बांधायची. आणि तोवर माझा दर तासाला छापून निघणारा आकडा फंडाला पाठवायचा. मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा आनंदाने आणखी एक आकडा दाखवावासा वाटला. कुणाला तरी माझं म्हणणं ऐकायचं होतं!

साहेबांनी टाकीचा नकाशा काढून घेतला, फायलीत ठेवला आणि एक सल्लागार नेमला. सल्लागाराचे बूट फार स्वच्छ होते, त्यामुळे तो नाल्यापर्यंत कधी आलाच नाही. गुणांच्या तक्त्यातल्या माणसांच्या रकान्यासाठी त्याने सगळ्या कामगारांना नव्या टोप्या आणि हातमोजे घालून फोटो काढला आणि फोटो झाल्यावर ते परत गोळा केले. कारभारावर नजर ठेवायला बाहेरचा माणूस हवा होता, तर साहेबांनी आपला मेहुणा नेमला. मेहुणा बायकोचा भाऊ, म्हणजे साहेबांच्या मुठीत नाही, एवढं मात्र मान्य करावंच लागेल.

राहिलं पाणी. टाकी महाग होती. बादली स्वस्त होती.

हो, बादली. निळी, प्लास्टिकची. तिच्यात पिण्याचं पाणी भरलं, मला नाल्यातून काढलं आणि तिच्यात सोडलं. मी सात दाखवू लागलो. मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. ज्या पाण्यात मला ठेवलं त्याबद्दल मी अगदी खरं बोललो, आणि हीच माझी सगळ्यात मोठी जखम आहे. माझा खरेपणा वापरूनच त्यांनी खोटं सांगितलं.

ताईने त्या दिवशी माझं टोक पुसलं आणि पहिल्यांदाच वहीत सात लिहिलं. मुलीची शाळा, घराचं भाडं, सगळं त्याच पगारावर होतं.

वर्षाच्या शेवटी फंडाची गुळगुळीत पुस्तिका घरोघरी गेली. ताईच्या सासूबाईंच्या हातातही आली. तिच्यात आमचा कारखाना होता, शेजारी हिरवं पान छापलं होतं आणि खाली माझा आकडा. सासूबाईंनी ती शेजारणींना दाखवली. माझ्या पेन्शनने नदी वाचते आणि माझी सून तिथेच काम करते, असं त्या दारोदार सांगत सुटल्या. हे मला सांगताना ताईचा हात थांबला होता.

पुढच्या वर्षी फंडातून एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी बुटांची पर्वा केली नाही. त्या तडक नाल्यापाशी आल्या, सोबत माझ्या आकड्यांचे कागद. साहेब, सल्लागार आणि ताई मागोमाग. बादली अर्थातच आदल्या दिवशी हलवली होती आणि नाल्यात दोन टँकर साधं पाणी सोडलं होतं. मी पुन्हा नाल्यात होतो आणि सात-साडेसातच दाखवत होतो. सगळं कसं छान जमून आलं होतं.

बाईंनी विचारलं की काळा रंग चढतो तेव्हाही सात, पांढरं कापड धुतात तेव्हाही सात, हे कसं. सल्लागार म्हणाला, सातत्य हेच आमचं बळ. मग बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"गेल्या महिन्यात चार दिवस यंत्रं बंद होती. तुम्हीच कळवलंत, नाला कोरडा होता. त्या चार दिवसांतही दर तासाला सात आहे. हे पाणी कुठलं?"

चोरी करणाऱ्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं की कोरड्या नाल्यात मीटरने गप्प बसायला हवं. बादली कधी सुट्टी घेत नाही. साहेबांनी सल्लागाराकडे बघितलं, सल्लागाराने ताईकडे. ताईने फक्त उत्तर माहीत नाही म्हणायचं होतं. तिची नोकरी वाचली असती.

"बादलीतलं," ताई म्हणाली.

मला वाटलं, आता टाकी होणार. बाईंनी सगळं लिहून घेतलं, ताईचे आभार मानले, तिचा हातही दाबला. तिसऱ्या आठवड्यात फंडाने आमचे सगळे शेअर विकून टाकले.

बस्स. एवढंच झालं. फंडाच्या यादीतून आमचं नाव गेलं आणि यादी स्वच्छ झाली. ते शेअर घेतले अशा लोकांनी, ज्यांना पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. टाकीची अट घालणारे गेले, तेव्हा टाकीही गेली. साहेबांनी मेहुण्याला सांगितलं म्हणे, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. ताईला नोकरीवरून काढलं. जाण्याच्या दिवशी तिने माझ्या शेजारी उभं राहूनच बाईंना फोन लावला.

"मॅडम, तुम्ही गेलात. नाल्याचं काय?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "ताई, तो कारखाना आता आमच्याकडे नाही ना."

ताईने फोन पर्समध्ये ठेवला. मला मात्र तिने ओलं टोपण न लावताच खिळ्यावर टांगलं, आयुष्यात पहिल्यांदा. माझं टोक ओलं ठेवावं लागतं, कोरडं पडलं की आम्ही संपतो. ती विसरली की तिने मुद्दाम केलं, मला ठाऊक नाही. विचारायला ती परत आली नाही.

आता मी भंगाराच्या खोलीत आहे. मोठी माणसं म्हणतात की पुढचा काळ अशाच गुंतवणुकीचा आहे. आकडे आपोआप उपग्रहावरून येतील, कुणाला लपवता येणार नाही. येऊ देत. माझाही आकडा सगळे वाचतच होते, वाचून नाल्यापाशी थांबलं मात्र कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्या आजीची पेन्शन, बाबांची बचत कुठे ना कुठे गुंतलेली असेलच. त्या पुस्तिकेतलं हिरवं पान बघून खूश होऊ नका. आकडा कुठल्या पाण्यातला आहे ते विचारा. आणि पाणी घाण निघालं तर नाक दाबून पळू नका. पैसे काढून घेणं म्हणजे फक्त आपले हात धुणं आहे. मालक म्हणून तिथेच पाय रोवून उभे राहा आणि टाकी होईपर्यंत रोज विचारत राहा. खरं बोलणारा माणूस तुमच्या भरवशावर बोललेला असतो. त्याला एकटं टाकून जाऊ नका.