शिट्टीवर भुललेली कला

रिक्षा असो, वरात असो, हळद असो, १९८८च्या त्या उन्हाळ्यात जळगावात एकच गाणं वाजत होतं.

‘कला चालनी येस्टीमा, पेटी लिसन मांडीवर,
कंडक्टरनी मारी शिट्टी, कला भुलनी शिट्टीवर.’

मेहरूणच्या दवाखान्यातली कलाबाई नर्स हे ऐकलं की काही ना काही निमित्त काढून उठायची. पंधरा वर्षांपूर्वी भर दुपारी पत्र्याची पेटी घेऊन ती भडगावच्या सासरहून एसटीत बसली होती. धुळ्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं होतं आणि सासूने ते पत्र लपवून ठेवलं होतं. ते सापडलं त्याच दिवशी ती निघाली. कंडक्टरचं तोंडही तिला आठवत नव्हतं.

एका लग्नात तिने बँडच्या अमीन मास्तरांना गाठलं. “मास्तर, हे गाणं कोणाचं?”

“धुळ्याच्या लोटन आबांचं. बँडच्या दुकानात ढोल मढवतात.”

त्यानंतर तिचं कामात लक्ष लागेना. इंजेक्शन भरताना तीच ओळ डोक्यात फिरायची. शेवटी एका रविवारी तिने धुळ्याची गाडी धरली. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

म्हातारा दुकानाच्या दारात कातडं ताणत बसला होता. तिने सरळ सांगितलं, “आबा, ती कला मी. मी कोणाबरोबर पळाले नव्हते.”

लोटन आबांच्या हातातली दोरी ढिली पडली. “गानं मनंच शे, माय. पन ती शिट्टी मनी नही. कॅसेटवाल्यानं घाली. त्या गाडीमा मी तुना शेजारे बसेल होतू. तुले सोडाले आलेल्या पोरीनं खिडकीतून हाक मारी, तठे तुनं नाव समजनं.”

मग त्यांनी हलक्या आवाजात स्वतःचं गाणं म्हटलं. त्यात कंडक्टर नव्हता. ‘डोयानं पानी तिकिटवर’ अशी ओळ होती. चालही संथ, जिवाला लागणारी. दुकानातला माणूस काम थांबवून ऐकू लागला.

कलाबाईला मात्र बरं वाटलं नाही. “मी रडले नव्हते, आबा.”

“माले तसं दिसनं.”

“सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुम्ही शेंगा खात होतात. मी त्या शेंगांकडे बघत होते.”

आबांनी मान खाली घातली. मग विचारलं, “मी दिन्ह्यात का तुले शेंगा?”

“नाही.”

त्यांनी चहा मागवला. तिने तो अर्धाच घेतला आणि परतीची गाडी धरली.

पुढच्या आठवड्यात कलाबाई शेजारी हळदीला गेली. सकाळी सकाळीच टेप लागला, पोरी नाचू लागल्या. कलाबाई नेहमीसारखी उठली, पण बाहेर न जाता टेपपाशी गेली आणि तिने बटण दाबून तो बंद केला.

“ह्या गाण्यातली कला मी आहे,” ती म्हणाली.

हळदीच्या हातांची एक पोरगी हसली. “काहीतरीच, मावशी. गाण्यातली कला जवान शे.”

शेजारच्या रुक्माबाई आजींनी पाटावरूनच विचारलं, “मग कंडक्टरचं काय झालं?”

“कंडक्टर नव्हताच, आजी. म्हणजे होता, तिकिटापुरता.”

हशा पिकला. कोणीतरी हात लांबवून टेप पुन्हा लावला. पोरी नाचू लागल्या आणि शिट्टीच्या ओळीला सगळ्यांनी मिळून शिट्टी मारली.

दवाखान्यातली तिची मैत्रीण सितारा तेवढी हसली नव्हती. ती तिच्यामागून बाहेर आली. “खरंच तू?”

“खरंच.”

“मग पहिल्यापासून सांग.”

कलाबाईला एका जागी उभं राहवत नव्हतं. दोघी मेहरूणच्या तलावाच्या काठाने चालू लागल्या. पत्र कुठे सापडलं इथपासून तिने सुरुवात केली. दवाखान्याकडे जाणारं वळण आलं, मागे पडलं, तरी सिताराने तिला थांबवलं नाही.